मिस्त्रीची पाच मिनिटं

आमच्या गावाला एकतीस वर्षं एका माणसाने वीज दिली आणि त्यातली वीस वर्षं मी त्याच्याशी भांडत होतो. माझं शिवणाचं दुकान आणि त्याचं इंजिनघर, मध्ये एकच भिंत. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. पाळण्यातलं नाव त्याची थोरली बहीण तेवढी घ्यायची.

भांडण अर्थातच इंजिनावरून. ते डिझेलवर चालणारं लोखंडी धूड सुरू झालं की माझ्या टेबलावरचा टाचण्यांचा डबा आपोआप सरकत कडेपर्यंत यायचा. दर अर्ध्या तासाने तो मागे ढकलायचा, हा माझ्या धंद्याचाच एक भाग होऊन बसला होता. वर काजळी. पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला की संध्याकाळपर्यंत त्याच्या खांद्यांवर करडी धूळ. मी भिंतीवर कात्री आपटायचो, तो पलीकडून पाना आपटायचा. मग थोड्या वेळाने त्याची बायको चहा घेऊन यायची, पेला माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "आजचं झालं ना भांडण? मग घ्या आता." त्या वहिनी सहा वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. इंजिनघराच्या मागच्या खोलीत एक पलंग, एक फळी आणि फळीवर दोन ताटं राहिली. दुसरं ताट त्याने काही उचलून ठेवलं नाही.

इंजिन सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते नऊ एवढंच चालायचं. बंद करायच्या आधी पाच मिनिटं मिस्त्री व्होल्टेजचं चाक थोडं खाली फिरवायचा, पुन्हा वर आणायचा, असं दोनदा. गावभरचे दिवे दोनदा मंद व्हायचे, पंखे दोनदा दमायचे. म्हणजे हातातलं उरका, वीज जाते आहे. गाव म्हणायचं, मिस्त्रीने डोळा मिचकावला. हे कुठल्या नियमाच्या पुस्तकात नव्हतं. त्याने आपल्या मनाने सुरू केलं होतं आणि गावाच्या अंगवळणी पडलं होतं.

त्यानंतर जो गलका व्हायचा तो बघण्यासारखा. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, गिरणीत अर्धं दळण, माझ्या सुईखाली अर्धी शिवण. जो तो दारातून नाहीतर खिडकीतून ओरडायचा, "मिस्त्री, पाच मिनिटं द्या." मिस्त्री खांद्यावर फडकं टाकून दारात उभा राहायचा, सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा आणि न्यायाधीशासारखा निवाडा द्यायचा. "न्हाव्याला पाच. गिरणीला दहा. टेलर, तुमची शिवण उद्याही तिथेच असेल." असं म्हणायचा, पण द्यायचा. गिरणीसाठी इंजिन चालू म्हणजे सगळ्यांसाठीच चालू, हे काय आम्हाला कळत नव्हतं? तरी प्रत्येकाला आपली वेगळी पाच मिनिटं मिळाल्यासारखं वाटायचं. एकदा दवाखान्यात एक बाई अडली होती, तेव्हा त्याने दीड तास दिला. डिझेल जास्त जाळल्याबद्दल ऑफिसचं पत्र आलं ते मुकाट्याने खिशात घातलं. इंजिनाच्या वहीत मात्र त्याने तो दीड तास दीड तासच लिहिला. पंधरा मिनिटं इकडची तिकडे करून वेळ मारून नेणं त्याला जमत नसे.

एक गोष्ट त्याला सलत होती. गावामागच्या डोंगरावर सात वस्त्या आहेत. तिथवर तार न्यायची तर इंजिनाचा तेवढा दम नव्हता. आणि सर्वांत वरच्या वस्तीत त्याची ताई राहते. सत्तरी ओलांडलेली, एकटी, जिभेने तिखट. मिस्त्री दर महिन्याला रॉकेलचा डबा घेऊन तो डोंगर चढायचा. ताई म्हणायची, "गावाला उजेड देणारा माझा भाऊ. मला मात्र डबा आणून देतो." तो हसायचा, पण उतरताना दोन वस्त्यांपर्यंत कोणाशी बोलायचा नाही. एकदा मी सोबत होतो म्हणून मला माहीत.

मग ते तीन देश आले. म्हणजे करार झाला. एका देशाने सूर्यावर चालणारे पॅनेल दिले, दुसऱ्याने बॅटऱ्या दिल्या, तिसऱ्याने माणसांना शिकवायचं पत्करलं. आपल्या बाजूने जमीन आणि भाषणं. गावाबाहेरच्या माळावर पॅनेलच्या रांगा उभ्या राहिल्या. इंजिनघराला लागूनच बॅटऱ्यांची नवी खोली बांधली आणि तिच्या दारावर चार झेंड्यांची पाटी लागली. ठरलं असं, की आधी वर्षभर फक्त गावाला ही वीज द्यायची. ती कशी चालते हे समुद्रापलीकडे बसलेली माणसं यंत्रावर रोज बघणार. वर्ष नीट गेलं तर दुसऱ्या टप्प्यात डोंगरावरच्या सातही वस्त्या. तोवर अडीअडचणीला इंजिन जागेवर ठेवायचं आणि गंजू नये म्हणून मिस्त्रीने दर शनिवारी साडेपाच वाजता ते दहा मिनिटं रिकामं चालवायचं. रिकामं म्हणजे त्याची वीज गावाला न जोडता. वहीत तशी ओळ लिहायची. दुसरा टप्पा मंजूर झाला की इंजिन उचलून नेणार. इंजिन गेलं की मिस्त्रीची नोकरी गेली, आणि मागची खोली नोकरीबरोबरची. हे सगळं त्याला वाचून दाखवलं, आणि त्याने सही केली. वर जाणार ना वीज, एवढंच विचारलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "आजपासून माझे पांढरे सदरे पांढरे राहतील." सगळे हसले. मिस्त्रीही हसला. ते वाक्य आज कोणी परत घ्यायला देत असेल तर मी काय वाटेल ते देईन.

पहिला महिना मी खरोखर खूश होतो. टाचण्यांचा डबा ठेवला तिथे राहायचा. वीज चोवीस तास. कोणाला कोणाकडे पाच मिनिटं मागायची गरज उरली नाही आणि आमच्या गल्लीच्या त्या टोकाला जायचं कारणही उरलं नाही. न्हावी पूर्वी दिवसातून दोनदा तिकडे डोकवायचा, तो आता खुर्चीवर बसूनच गिऱ्हाइकाची वाट बघायचा. मिस्त्री मात्र सकाळी सहाला शटर वर करायचा, थंड इंजिन फडक्याने पुसायचा आणि अकराला पाच कमी असताना दारात येऊन उभा राहायचा. मनगटाकडे बघायचा. पाच मिनिटांनी आत जायचा. हे मी रोज माझ्या दारातून बघत होतो आणि रोज कापायला घेतलेल्या कापडाकडे वळत होतो.

दुसऱ्या महिन्यातला पहिलाच शनिवार. पलीकडे साडेपाचला इंजिन धडधडलं आणि थोड्या वेळाने माझ्या मशीनची मोटर दमली. पुन्हा नीट चालली. पुन्हा दमली. सुई कापडात अडकली तसा माझा हातही थांबला. उन्हं अजून होती, कोणाचे दिवे लागलेले नव्हते, पंखा घटकाभर दमला तर आता कोणी वर बघत नव्हतं, त्यामुळे बाकी कोणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. पण मला कळलं. मिस्त्रीने गाव इंजिनावर घेतलं होतं आणि डोळा मिचकावला होता.

मला हसू आलं. म्हटलं, म्हातारा खेळतोय. उठून जावं असंही वाटलं, पण समोर गिऱ्हाईक बसलं होतं. पुढच्या शनिवारी गिऱ्हाईक नव्हतं, पण हातात काम होतं. तिसऱ्या शनिवारपासून मी कारण शोधायचंही सोडलं. साडेपाचला मशीन दोनदा दमायचं, मी पाय उचलून थांबायचो, मग पुढची शिवण घ्यायचो. असे अकरा महिने गेले. मी वाईट माणूस नाही असं माझं मत होतं, आणि आता त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा एका गुरुवारी परदेशातून चार इंजिनीअर येऊन थडकले. त्यांची मुख्य एक उंच बाई होती, डोक्यावर मोठी टोपी, म्हणून दुपारपर्यंत तिचं नाव टोपीवाली पडलं. शाळेत सभा भरली. टोपीवाली तिच्या भाषेत बोलायची आणि आमच्या हेडबाई ते आम्हाला सांगायच्या. भिंतीवर एक आलेख लावला होता. सरळ रेघ आणि ठरावीक अंतराने खाली गेलेला एकेक खड्डा.

हेडबाई म्हणाल्या, "दर शनिवारी साडेपाचच्या सुमाराला बॅटऱ्या चार मिनिटं गावाची वीज सोडून देतात. अकरा महिने हे चाललंय. का, ते यांना कळत नाहीये. कारण सापडेपर्यंत वरच्या वस्त्यांचं काम थांबवलंय. बॅटऱ्यांत दोष निघाला तर त्या परत पाठवायच्या, नव्या बनवायच्या. दोन वर्षं, नाहीतर तीन."

सरपंच हुशार. ते म्हणाले, "शनिवारी साडेपाचला तर आपलं इंजिन चालतं."

टोपीवालीने मान हलवली. हेडबाईंनी सांगितलं, "ते यांनी पहिल्यांदाच तपासलं. वहीत दर शनिवारी 'रिकामं चालवलं' असं आहे. आणि त्या वहीत एकतीस वर्षांत एकही खोटी ओळ नाही, असं आपल्याच ऑफिसने यांना लिहून दिलंय. त्यामुळे इंजिनाचा प्रश्न मिटला. दोष बॅटऱ्यांचाच."

मिस्त्री शेवटच्या बाकावर बसला होता. मी वळून बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. आपण फिरवलेलं चाक समुद्रापलीकडे जाऊन कोणाच्या तरी भिंतीवर खड्डा पाडतं, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही मूग गिळून बसलो. बोललो असतो तर त्याची नोकरी आणि खोली गेली असती, म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, तुम्हाला कधीपासून माहीत होतं, असं कोणी विचारलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

शुक्रवारी ते चौघे त्या कोंदट खोलीत घाम गाळत एकेक बॅटरी तपासत होते. दुपारी ताई डोंगर उतरून आली. पाहुण्यांना बघायला, म्हणाली. इंजिनघरापाशी काठी टेकून उभी राहिली आणि हेडबाईंना विचारलं, "आमच्याकडे कधी मग?"

"ताई, लागतील अजून दोन-तीन वर्षं," हेडबाई म्हणाल्या.

"अगं बाई," ताई हसून म्हणाली, "मग मला काही ती दिसत नाही." भावाकडे वळून म्हणाली, "डबा भरलायस का? आलेच आहे तर घेऊन जाते, तुझी खेप वाचेल."

मिस्त्रीने डबा तिच्या हातात दिला नाही. स्वतः घेऊन तिच्याबरोबर वरपर्यंत गेला.

शनिवार उजाडला. चौघांनी ठरवलं होतं की साडेपाचला सगळी यंत्रं लावून खड्डा पडताना डोळ्यांनी बघायचा. मला वाटत होतं, आज हा मिचकावणार नाही. न मिचकावणं सोपं होतं. आज काही झालं नाही, पुढच्या शनिवारी झालं नाही, तर ते गोंधळतील, थांबतील, दोन-तीन वर्षं सहज निघतील. तेवढी वर्षं इंजिन, खोली, सगळं जागच्या जागी. सव्वापाचला मी मशीनवर बसलो आणि एकच शिवण उसवून पुन्हा घालत राहिलो.

साडेपाचला इंजिन सुरू झालं. माझा टाचण्यांचा डबा हलू लागला. मशीन दमलं. पुन्हा दमलं. आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी उठलो.

बाहेर आलो तर बॅटऱ्यांच्या खोलीतून चौघे धावत निघत होते. मिस्त्रीने इंजिनघराचं शटर सताड उघडं ठेवलं होतं. गाव इंजिनावर घेणारा मोठा खटका खाली करून तो उभा होता आणि एक हात अजून चाकावर होता.

"हे असं," तो म्हणाला. "बॅटऱ्यांत काही नाही. मी करतो हे." त्याने खटका वर केला, इंजिन बंद केलं आणि वही उघडून टोपीवालीपुढे धरली. "या सगळ्या ओळी खोट्या आहेत. मिचकावलं त्या पहिल्या शनिवारी ओळ चालवायच्या आधीच लिहून ठेवली होती, नियमात होती तशी. मग चालवताना राहवलं नाही. नंतर लिहीतच गेलो."

हेडबाईंनी सांगितलं. टोपीवालीने विचारलं, का?

मिस्त्रीने फडक्याने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. "पूर्वी दिवा मंद झाला की सगळे ओरडायचे," तो म्हणाला. "मिस्त्री, थांबा, पाच मिनिटं द्या. आता वीज जातच नाही, तर कोण ओरडेल? ते चांगलंच झालं. पण दिवसचे दिवस कोणी हाक मारत नाही. म्हटलं, मिचकावून बघावं. कोणीतरी येईल, विचारेल काय चाललंय. शिव्या देईल. निदान टेलर भिंतीवर कात्री आपटेल."

गल्लीत दहा-पंधरा माणसं जमली होती. मी गळ्यातल्या टेपचे आकडे बघत राहिलो.

"मग कोणी आलं?" टोपीवालीने विचारलं.

"नाही."

ती बाई चाकापाशी गेली. मग हळू आवाजात काहीतरी बोलली. हेडबाईंना ते सांगताना दोनदा थांबावं लागलं. "त्या म्हणतायत, आम्हाला कळलं होतं. आम्ही आलो. लांबून यायचं होतं, म्हणून उशीर झाला."

मी, भिंतीला भिंत लागून असलेला, तिथेच उभा होतो.

बॅटऱ्या निर्दोष असल्याचा अहवाल गेला. मिस्त्रीने हट्ट केला म्हणून त्यात त्याचंही लिहिलं. दोन महिन्यांत दुसरा टप्पा सुरू झाला आणि त्याच आठवड्यात ट्रक येऊन इंजिन घेऊन गेला. ऑफिसने नोकरी संपल्याचं पत्र दिलं. खोली मात्र त्याच्याकडेच राहिली. टोपीवालीने तसं पत्र लिहिलं म्हणतात, खरंखोटं मला माहीत नाही. ट्रक गल्लीतून वळेपर्यंत मिस्त्री दारात उभा होता. मी दुकानातून बघत होतो. तेव्हाही गेलो नाही. जाऊन काय बोलणार होतो?

वरच्या वस्तीत दिवे लागले त्या दिवशी मात्र दुकान बंद करून त्याच्याबरोबर डोंगर चढलो. ताईच्या खोलीत बल्ब लागला. तिने डोळ्यांवर हात धरून तो बघितला, मग भिंती बघितल्या आणि म्हणाली, "किती काळ्या झाल्यात रे, कधी दिसलंच नव्हतं." नंतर भावाला म्हणाली, "आता डबा नको आणूस."

"नाही आणत," मिस्त्री म्हणाला. महिन्याची तीही खेप गेली, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. "रिकाम्या हाताने ये की," ती घाईने म्हणाली. तो हो म्हणाला.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी मशीनवर होतो. घड्याळात साडेपाच झाले. मोटर एकसारखी चालत होती. मी पाय उचलून थांबलो, सवयीने. मग कात्री घेतली आणि भिंतीवर आपटली. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा आपटली. मग उठलो आणि गेलो.

इंजिन होतं तिथे आता नुसता काँक्रीटचा ओटा आहे, चार कोपऱ्यांत चार बोल्ट वर आलेले. मिस्त्री त्या ओट्यावर बसला होता, फडकं खांद्यावर. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून जुनंच निघालं.

"मिस्त्री, पाच मिनिटं द्या. एक शिवण राहिलीय."

त्याने आधी मनगटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आता जात नाही ती, टेलर," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

तो थोडा सरकला. मी त्याच्या शेजारी बसलो. समोर शटर उघडं होतं आणि गल्लीतून कोणी जात नव्हतं.

"शनिवारी तुमचं मशीन दमायचं का?" त्याने विचारलं.

"हो."

"दोनदा?"

"दोनदा."

त्याने मान हलवली. फडकं खांद्यावरून काढून त्याची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"मला वाटायचं, पोचतच नसेल," तो म्हणाला.